तळदेशचे सहाशे अकरा कागद

मंगळवार, १९ जुलै १९९४. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे. तंजावरच्या दिवाणी न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे असलेले अनिरुद्धराव, वय एकाहत्तर, निवृत्त मोडी वाचक, म्हणाले, "हा कागद जुना नाही. हा मी लिहिला आहे."

न्यायाधीशांनी विचारले, "म्हणजे नक्कल केलीत?"

"नक्कल नव्हे. मनाने रचला. यातली राणी खरी नाही, राज्य नाही, नारळाची बागही नाही. ही गोष्ट आहे."

मागच्या बाकावर त्यांचा पुतण्या साईराम बसला होता. तो उठून उभा राहिला आणि शिपायाने खूण केल्यावर खाली बसला. दावा साईरामचा होता. अनिरुद्धरावांना त्याच्याच बाजूने बोलावले होते.

ओरत्तनाडूजवळच्या एका गावात कालव्याकाठी त्यांच्या घराण्याची नारळाची बाग आहे. तिथल्या एका धर्मादाय ट्रस्टचे म्हणणे असे की बाग ट्रस्टची आहे, या कुटुंबाला ती फक्त सांभाळायला दिली होती. साईरामचे म्हणणे असे की ती मराठा राजवटीत पूर्वजांना इनाम मिळाली. दोघांकडेही मूळ कागद नव्हता. साईरामचे वडील गेले, तेव्हा दावा दाखल होऊन दोन वर्षे झाली होती. ती बाग सोडली तर त्या घराण्याच्या नावावर जमीन अशी राहिलेली नव्हती. साईराम जुन्या बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि एसटीडीचा बूथ चालवायचा.

जानेवारीच्या शेवटी अनिरुद्धराव दरवर्षीप्रमाणे तिरुवैयारूला गाण्याच्या उत्सवाला गेले होते. पाच दिवस. त्या पाच दिवसांत साईरामने घरातली प्रत्येक पेटी उघडली. काकांच्या खोलीतल्या सागवानी पेटीत त्याला लाल कापडात बांधलेला एक रुमाल सापडला. रुमाल म्हणजे जुन्या दफ्तरातले कागदांचे गाठोडे. आत पिवळे पडलेले जाड कागद होते, मोडी लिपी, आणि पहिल्याच कागदाच्या डोक्यावर गोल शिक्का. साईरामला मोडी येत नाही. देवनागरीही तो अडखळत वाचतो. त्याने शिक्का पाहिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या कागदाची झेरॉक्स काढून त्याने संपूर्ण रुमाल वकिलांकडे नेऊन दिला. ४ फेब्रुवारीला तो न्यायालयात निशाणी अ-७ म्हणून दाखल झाला. सहाशे अकरा कागद.

अनिरुद्धराव परत आले, तेव्हा साईराम दारातच उभा होता.

"काका, सांपडलें!"

"काय सांपडलें?"

"सनद! तुमच्याच पेटींत होती. येवढीं वर्षें तुम्ही तिच्यावर डोकें ठेवून निजलां आणि आम्ही कलेक्टर कचेरी पालथी घालतों आहों."

अनिरुद्धराव खोलीत गेले. पेटी उघडून पाहिली, झाकण लावले, बाहेर येऊन तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसले. साईरामची बायको लक्ष्मीप्रिया फिल्टर कापीचा पेला घेऊन आली.

"साईराम," ते म्हणाले, "तें मी लिहिलें आहे."

साईराम हसला. "तुम्ही? तुम्ही आत्याला पोस्टकार्ड लिहीत नाहीं, काका. तेंही मलाच लिहायला सांगतां."

"कहाणी आहे ती. एकतीस वर्षें लिहितों आहें."

"सरी, सरी, बरें. कापी घ्या. बसनें थकलां आहां."

लक्ष्मीप्रिया हसली नाही. ती म्हणाली, "परत मागून आणा ना मग."

"कोर्टांतून?" साईराम म्हणाला. "तें काय वाण्याचें दुकान आहे?"

दाखल झालेली निशाणी निकाल लागेपर्यंत परत मिळत नाही. पुढच्या आठवड्यात अनिरुद्धरावांनी स्वतः वकील सांबशिव यांना भेटून विचारले. सांबशिव यांनी तेच सांगितले. वर असेही सांगितले की मोडीचे तमिळ भाषांतर न्यायालयाला द्यावे लागेल आणि जिल्ह्यात ते करू शकणारा माणूस एकच आहे. तो माणूस त्यांच्यासमोर बसलेला होता.

*

अनिरुद्धरावांचा जन्म १९२३चा. पणजोबा राजवाड्यात कारकून होते. १८५५ साली राज्य संपले, तेव्हा कचेरीतला कोरा कागद एका पेटीत भरून त्यांनी घरी आणला. त्या पेटीला पुढच्या दोन पिढ्यांत कोणी हात लावला नाही. अनिरुद्धरावांना मोडी त्यांच्या वडिलांनी शिकवली, काजळी आणि डिंकाची शाई करायलाही त्यांनीच शिकवले. बोरू कापायला ते आपले आपण शिकले.

वाचायचे मात्र वेगळेच. शाळेत असताना त्यांनी मिशनच्या वाचनालयातली नकाशा असलेली प्रत्येक इंग्रजी कादंबरी वाचली. नकाशावरचा देश जगात नसला पाहिजे, ही त्यांची अट. असलेल्या देशांची पुस्तके ते अर्ध्यात परत करत. तमिळ साप्ताहिकांतल्या मायावी राजपुत्रांच्या मालिका ते कापून शिवून ठेवत. १९५१ साली कचेरीच्या कामासाठी मद्रासला गेले असताना दोन दिवसांपैकी दीड दिवस त्यांनी मूर मार्केटच्या जुन्या पुस्तकांत घालवला, काम अर्धवट राहिले आणि त्याबद्दल लेखी समज मिळाली. समजेचा तो कागद त्यांनी जपून ठेवलेला आहे.

नोकरी एका हस्तलिखितांच्या कचेरीत, मोडी दफ्तरांची सूची करण्याची. १९६३ साली, चाळिशीत, त्यांनी दुपारच्या सुटीत पणजोबांच्या त्या कोऱ्या कागदावर लिहायला सुरुवात केली. मोडीतच का, याचे त्यांनी पुढे न्यायालयात दिलेले उत्तर नोंदीत आहे: "मोडीत लिहिले की काम करतो आहे असे दिसायचे."

गोष्ट कावेरीच्या पात्राखाली असलेल्या एका देशाची. नाव तळदेश. उन्हाळ्यात धरणाचे दरवाजे बंद होतात, पात्र कोरडे पडते, तेव्हा तळदेशचे कारकून वाळूतून वर येतात आणि वरच्या राज्याशी पत्रव्यवहार करतात. सगळी कादंबरी त्यांच्या पत्रांची, सनदांची, तक्रारअर्जांची. तिथल्या राणीने आटलेल्या नद्यांचे आवाज रांजणांत भरून ठेवले आहेत. तिथे एक कालवा चढावर वाहतो, आणि तो चढावर का वाहतो याची चौकशी नऊ वर्षे चालते.

वाचक कोणी नव्हता. श्रोता एक होता. त्यांची पत्नी गंगाबाई शुक्रवारी तांदूळ निवडत बसली की ते वाचून दाखवत. गंगाबाईंनी एकच दुरुस्ती सुचवली. चौऱ्याऐंशीव्या कागदावर नावाड्याची बायको माहेरी जाते, तिच्याबरोबर शिदोरी दिलेली नव्हती. ती घालावी लागली. १९८७ साली गंगाबाई वारल्या. त्यानंतर अनिरुद्धरावांनी कोणाला काही वाचून दाखवले नाही. लिहिणे चालू राहिले, आठवड्याला अर्धा कागद. पेटी उघडी पडली तेव्हा शेवटचे प्रकरण बाकी होते. शेवटच्या प्रकरणात चौकशीचा निकाल लागायचा होता आणि त्यासाठी मागची सगळी पत्रे समोर असणे भाग होते. तारखा, नावे, कोणी कोणाला काय कळवले, हे सगळे त्या सहाशे अकरा कागदांत होते आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती.

*

१९ जुलैला ते पिंजऱ्यात उभे राहिले, ते भाषांतरकार म्हणून. शपथ झाल्यावर शिरस्तेदाराने पहिला कागद त्यांच्या हातात दिला. साडेपाच महिन्यांनी त्यांनी तो पाहिला. त्यांनी तो आधी मोडीत वाचला, मग तमिळमध्ये सांगितला. तळदेशच्या राणीने आपल्या नावाड्याला नारळाची बाग इनाम दिली, तिच्या चतुःसीमा अशा. पूर्वेस कालवा. उत्तरेस वड. पश्चिमेस प्रतिध्वनी जन्मतो ती जागा. दक्षिणेस परवाचा दिवस.

ट्रस्टचे वकील सूर्यनारायण उठले. "महाराज, दक्षिणेची हद्द मोजायला सर्व्हेअर परवाच पाठवावा लागेल."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. त्यानंतर अनिरुद्धरावांनी तमिळमध्येच ते वाक्य सांगितले: हा मी लिहिला आहे.

सांबशिव यांनी साक्षीदार फितूर झाल्याचे जाहीर केले आणि स्वतःच उलटतपासणी सुरू केली.

"तुमचं वय?"

"एकाहत्तर."

"काल रात्री काय जेवलात?"

"रसम-भात. वांग्याची भाजी."

"पेपरात एखादी गोष्ट कधी छापून आली तुमची?"

"नाही."

"कोणी वाचली?"

"नाही."

"तुम्ही लेखक आहात हे या तंजावरात किती जणांना ठाऊक आहे?"

"एकीला होतं. ती नाही आता."

"हा शिक्का कुठला?"

"फणसाच्या लाकडात मी कोरला."

"कुठे आहे?"

"नवरात्रात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडताना एकीखाली टेकण लावायला घेतला होता. मग सापडला नाही."

पुन्हा हसू आले. सांबशिव यांनी न्यायालयाला विनंती केली की साक्षीदाराचे वय पाहता त्याच्या बोलण्यावर न जाता कागद तज्ज्ञांकडे पाठवावा. सूर्यनारायण यांनी विरोध केला. न्यायाधीशांनी विनंती मान्य केली.

त्या संध्याकाळी साईराम बूथ बंद करून आला.

"काका, एक विचारूं? नारळाचा तोप्पु गेला तर तुमचा काय फायदा?"

"कांहीं नाहीं."

"मग कशाला?"

"शपथ घेतली होती."

"शपथ भाषांतराची होती! वाचा, सांगा, उतरा. येवढेंच काम. राणी खरी कीं खोटी, कोणीं विचारलें?"

अनिरुद्धराव म्हणाले, "खरी ठरली असती."

"ठरूं द्या कीं!"

"खरी ठरली तर ती कहाणी राहत नाहीं."

साईरामने बायकोकडे पाहिले. लक्ष्मीप्रिया ताटे मांडत होती. ती म्हणाली, "जेवून घ्या दोघे. मग भांडा."

*

मद्रासच्या प्रयोगशाळेचा अहवाल जानेवारी १९९५ मध्ये आला. कागद चिंध्यांच्या लगद्याचा, हाताने केलेला, शंभर वर्षांहून जुना. शाई काजळी व डिंकाची, पारंपरिक. तिचा काळ निश्चित करता येत नाही.

लिपी आणि भाषा तपासायला पुण्याच्या एका निवृत्त मोडी शिक्षकांना नेमले होते. ते मार्चमध्ये आले, एका लॉजमध्ये सहा दिवस राहिले, रोज न्यायालयात बसून वाचत राहिले. अनिरुद्धरावांना त्यांना भेटायची परवानगी नव्हती, कारण ते साक्षीदार होते. त्या सहा दिवसांत अनिरुद्धराव रोज दहा वाजता न्यायालयाच्या आवारात जात आणि पाच वाजता परत येत. तज्ज्ञ बसले होते ती खोली आवारातून दिसत नाही.

शिक्षकांचा अहवाल सतरा पानांचा होता. त्यांनी लिहिले की अक्षर तंजावर दफ्तराच्या वळणाचे आहे. भाषेतली रूपे महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वीच मागे पडलेली असून आजच्या माणसाला ती इतक्या सहजपणे लिहिता येणे संभवत नाही. 'परवाचा दिवस' आणि 'प्रतिध्वनी' ह्या महसुली कामातल्या सांकेतिक संज्ञा असाव्यात. त्यांवर संशोधन व्हायला हवे. दस्तऐवज अस्सल.

ज्या रूपांचा अहवालात उल्लेख होता, ती अनिरुद्धराव घरी ताक मागताना वापरतात.

२७ जून १९९५ला ते पुन्हा उभे राहिले. अहवाल वाचून दाखवल्यावर त्यांनी न्यायाधीशांना एक विनंती केली. रुमालातला कुठलाही कागद काढा, फक्त आकडा सांगा, त्यावर काय आहे ते मी न पाहता म्हणतो. न्यायाधीशांनी कागद काढला. दोनशे बारा.

अनिरुद्धराव चार मिनिटे बोलले. राणीच्या कोठीतला एक रांजण फुटतो, त्यातल्या नदीचा आवाज बाहेर पडतो आणि तीन दिवस एका सुताराच्या घरात राहतो. सुतार झोपू शकत नाही. चौथ्या दिवशी आवाज थांबतो, तर सुतार अर्ज करतो की तो परत मिळावा. कोर्टात त्या वेळी कोणी हसले नाही. टंकलेखक थांबला होता. न्यायाधीशांनी त्याला पुढे चालू ठेवायला सांगितले.

मग न्यायाधीशांनी हातातल्या कागदाकडे पाहिले. तो त्यांना वाचता येत नव्हता. तिथल्या कोणालाच येत नव्हता. पुण्याचे शिक्षक मार्चमध्येच परत गेले होते.

सांबशिव उठले. "महाराज, साक्षीदार बरोबर सांगत असतील असं धरून चालू. तीस वर्षं हा रुमाल त्यांच्या उशाशी होता आणि मोडी फक्त त्यांनाच येते. माझ्या आजोबांना अख्खं पंचांग पाठ होतं. म्हणून त्यांनी ते लिहिलं असं होत नाही."

"हे बरोबर आहे," अनिरुद्धराव म्हणाले. हेही नोंदीत आहे.

ऑगस्टमध्ये त्यांनी नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला. मूळ नाही, तर निदान प्रत. तिथले ज्येष्ठ कारकून राजम यांनी अर्ज उलटसुलट पाहिला.

"झेरॉक्स निघेल हो, अय्या. पण मुळाशी ताडून पाहिली असा शिक्का मारावा लागतो. ताडणार कोण?"

"मी."

"तुम्ही साक्षीदार. दुसरं कोण वाचतं?"

"होते एक सहकारी. एकोणनव्वदला वारले."

"मग कठीण आहे." राजम यांनी अर्ज परत दिला, मग पुन्हा मागून घेतला आणि त्यावर आवक क्रमांक घातला. "नंबर तरी असू दे."

८ डिसेंबर १९९५, शुक्रवार. निशाणी अ-७ अस्सल धरून दावा साईरामच्या बाजूने निकाली निघाला. निकालपत्रात अनिरुद्धरावांबद्दल एक वाक्य आहे: वार्धक्यामुळे या साक्षीदारास वाचलेले आणि रचलेले यांतील भेद राहिलेला दिसत नाही. साईरामने बूथवर लोकांना म्हैसूरपाक वाटला. घरी येऊन त्याने काकांना वाकून नमस्कार केला. काकांनी डोक्यावर हात ठेवला.

"रुमाल कधीं मिळेल?" त्यांनी विचारले.

"ट्रस्ट अपिलांत गेला आहे. अपील झाल्यावर."

"किती दिवस?"

"सांबशिव म्हणाले, चार-पांच वर्षें." साईराम त्यांच्या शेजारी बसला. "काका, राग नका धरूं. मज माहीत आहे आतां, तुम्हीच लिहिलें. सुताराचें ऐकलें तेव्हां कळलें. पण कोर्टानें नाहीं म्हटलें ना. आतां तें तुमचें नाहीं."

अनिरुद्धराव म्हणाले, "सरी."

*

१९९६च्या मार्चमध्ये पुण्याच्या शिक्षकांचे पत्र आले. 'दक्षिणेतील एक अज्ञात संस्थान: तळदेश' या विषयावर त्यांचा लेख एका संशोधन-नियतकालिकात येणार होता. संस्थानाची जागा त्यांनी त्रिभुज प्रदेशातल्या एका बुजलेल्या ओढ्याकाठी निश्चित केली होती. सोबत नकाशा जोडला होता. अनिरुद्धरावांनी नकाशा बराच वेळ पाहिला. त्यांनी उत्तर लिहिले, तेही देवनागरीत, तीन ओळींचे: हा देश नाही. मी रचला आहे. कृपया छापू नये. उत्तराला उत्तर आले नाही.

एप्रिलपासून त्यांनी आठवून पुन्हा लिहायला सुरुवात केली. मे अखेर ते थांबले. लक्ष्मीप्रियाने कारण विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की चाळीस कागद झाले, पण हे ते नाहीत. वाईट वाटते का, असे तिने विचारले. "नाहीं," ते म्हणाले. "कांहींच वाटत नाहीं. तेंच बघतों आहें." त्यांचे जेवण, झोप, सकाळचे फिरणे नेहमीसारखे होते. वजनही घटले नव्हते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रस्टचे वकील सूर्यनारायण घरी आले. साईराम बूथवर होता. ते तिण्णैवर बसले आणि बॅगेतून टंकलिखित प्रतिज्ञापत्र काढले. अपिलात नवा पुरावा म्हणून ते दाखल करायचे होते. निशाणी अ-७ ही आपली स्वतःची काल्पनिक रचना आहे, असे त्यात होते, आणि शिक्का, शाई व कागद कोठून आले याचा तपशील. सोबत मोडी जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाची नेमणूक करून साक्षीदाराची पुन्हा चाचणी घेण्याची विनंती होती.

"कोर्टात माझा विश्वास बसला तो सुतारावर," सूर्यनारायण म्हणाले. "असा अर्ज खऱ्या दफ्तरात कोणी करत नाही. तीस वर्षं मी अर्ज वाचतो आहे."

"सही केली तर रुमाल मिळेल?"

"ती सनद नाही असं ठरलं की ट्रस्टला त्याचं काय करायचंय? परत द्यायला आमची हरकत नाही, असं लिहून देतो."

"आणि साईराम?"

सूर्यनारायण यांनी चष्मा पुसला. "बाग जाईल. खोटा दस्त दाखल केला म्हणून कारवाई करायची की नाही, ते न्यायालयाच्या हातात. मी मागणार नाही. न्यायालय काय करेल ते मी सांगू शकत नाही."

लक्ष्मीप्रिया दारात उभी होती. तिला मराठीपेक्षा तमिळ जास्त समजते आणि हे सगळे तमिळमध्येच चालले होते. तिने पाहुण्यांना कापी दिली. कागदाकडे तिने पाहिले नाही.

"वाचून ठेवतो," अनिरुद्धराव म्हणाले.

साईरामला त्याच संध्याकाळी कळले. लक्ष्मीप्रियानेच सांगितले. तो काकांच्या खोलीच्या दारापर्यंत आला.

"सही करणार?"

"ठाऊक नाहीं."

"केलीत तर मी अडवणार नाहीं. फक्त आधीं सांगा. कोर्टांत ऐकायला लावूं नका."

"सांगेन."

अपिलाची पहिली सुनावणी सोमवार, २३ सप्टेंबर १९९६ रोजी होती. त्या दिवशी सकाळी दहा वाजता अनिरुद्धराव आवारात हजर होते. प्रतिज्ञापत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात, चार घड्या घातलेले. त्यावर सही नव्हती. साईराम त्यांच्याच बाकावर बसला होता. अकरा वाजता कळले की न्यायाधीश रजेवर आहेत. पुढची तारीख फलकावर लावली जाईल, असे शिरस्तेदाराने सांगितले. संध्याकाळी पाचपर्यंत ती लावलेली नव्हती.